समुद्रकाठच्या हवेत शेवंतीची लागवड

शेवंती हे घाटावरचे पीक असून कोकणपट्टीच्या दमट हवेत ते येत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. पुणे, सातारा, नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांत शेवंतीचे मळे आहेत आणि मुंबईत दादरच्या फूलबाजारात उतरणारी बरीचशी शेवंती तिकडूनच येते. तेव्हा हा समज दृढ झाला असल्यास नवल नाही. तथापि मुंबई उपनगरातील गोवंडी, देवनार, मानखुर्द या खाडीकाठच्या वस्त्यांत अंगणात, गच्चीवर किंवा चाळीच्या कठड्यावर शेवंतीची कुंडी ठेवणारी कुटुंबे आहेत, आणि ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनाही दादरचा बाजार जवळ असल्याने हे पीक घ्यावेसे वाटते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे या लोकांच्या ज्या तक्रारी येतात, त्या बहुधा दोनच असतात. झाड जोमाने वाढते पण फुलत नाही, ही पहिली; आणि फुललेले झाड पुढच्या पावसाळ्यात कुजून मरते, ही दुसरी. दोन्हींचा दोष थंडीच्या अभावाला दिला जातो. वस्तुतः पहिल्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा रात्रीच्या उजेडात असते व दुसरीचे साचलेल्या पाण्यात. या दोन गोष्टी सांभाळल्या तर समुद्रकाठीही शेवंती समाधानकारक फुलते. त्या कशा सांभाळाव्यात, याचे विवेचन येथे केले आहे.

शेवंती ही सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती होय. याच कुळातील यॅरो नावाची तिची एक बहीण काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात आपोआप उगवते. तिची वाळलेली फुले युनानी वैद्यकात बिरंजासिफ या नावाने वापरली जातात. यूरोप व अमेरिकेतील थंड प्रदेशांच्या बागांत यॅरोला मानाचे स्थान आहे, आणि तेथील बागवान तिला कसे वाढवितो हे पाहिले म्हणजे शेवंतीचा स्वभाव समजण्यास मदत होते. हिवाळ्यात यॅरोचा जमिनीवरील भाग वाळून जातो, वर बर्फ पडते, परंतु जमिनीखालचे खोड जिवंत राहते व वसंत ऋतूत त्यातून नवे फुटवे निघतात. दर दोन-तीन वर्षांनी बागवान तो गड्डा उकरून काढतो, मधला जून भाग टाकून देतो व कडेचे कोवळे, मुळ्या असलेले तुकडे नव्या जागी लावतो. जागा हलकी व निचऱ्याची निवडतो. यॅरो बर्फाखाली महिनोन्‌महिने तग धरते. साचलेल्या पाण्यात मात्र ती टिकत नाही.

शेवंतीचेही असेच आहे. फरक एवढाच की, थंड प्रदेशातील बागवानास आपला गड्डा हिवाळ्यातून पार न्यावयाचा असतो, आपल्यास तो पावसाळ्यातून पार न्यावयाचा असतो. (यॅरो स्वतः गोवंडीच्या हवेत लावण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. उष्ण व दमट हवेत तिची वाढ लुळी पडून झाड लोळते व फार काळ टिकत नाही.)

पावसाळा व निचरा

पुणे शहरी वर्षभरात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबई उपनगरात २,२०० मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाहूनही जास्त. असा दिवस क्वचित येतो हे खरे. परंतु जमिनीत पाणी दोन-तीन दिवस तुंबून राहील असे प्रसंग गोवंडीच्या सखल भागात दरवर्षी येतात. शेवंतीची मुळे वरवरची व बारीक असतात. त्यांना हवा न मिळाल्यास ती तपकिरी होऊन कुजतात आणि पाणी ओसरल्यावर कडक ऊन पडले म्हणजे झाड एका दिवसात माना टाकते. पुष्कळ लोक अशा वेळी झाड पाण्यावाचून सुकले असे समजून त्यास आणखी पाणी घालतात. हे सर्वथा टाळावे. सुकलेल्या झाडाच्या बुडाशी बोट खुपसून पाहावे. माती ओली असेल तर रोग मुळांचा आहे, तहानेचा नव्हे.

खाडीकाठच्या मातीसंबंधी दोन शब्द अधिक सांगणे आवश्यक आहे. ठाणे खाडीच्या काठच्या या पट्ट्यात एके काळी भातखाचरे व मिठागरे होती. येथील मूळ जमीन चिकण व खारी आहे, आणि जेथे वस्ती झाली तेथे बांधकामाच्या राडारोड्याचा भराव पडला आहे. दोन्ही प्रकारची जमीन शेवंतीस निरुपयोगी होय. उन्हाळ्यात ज्या मातीवर पांढरट पापुद्रा दिसतो ती खारी समजावी. ती सुधारण्याच्या खटाटोपात न पडता तिच्यावर बाहेरील चांगली माती आणून दीड फूट उंचीचा गादीवाफा करावा व वाफ्याच्या कडा विटांनी किंवा दगडांनी बांधून घ्याव्यात. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त असू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफा तुडविला जात नाही.

कुंडीसाठी दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग नदीची जाड वाळू किंवा विटांचा चुरा असे मिश्रण करावे. खाडीची वाळू वापरू नये. तिच्यात मीठ असते. मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड घालावी. कुंडी दहा इंची असावी आणि तळाच्या भोकावर खापरीचे तुकडे घालावेत. मिश्रण बरोबर जमले की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी की, भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतावे; ते मिनिटाभरात खालून वाहू लागले पाहिजे. पृष्ठभागावर डबके राहिल्यास वाळूचे प्रमाण वाढवावे. कुंडी जमिनीवर टेकवून न ठेवता दोन विटांवर ठेवावी, नाहीतर भोक चिखलाने बुजते व सगळी मेहनत फुकट जाते.

खतासंबंधी येथे एक इशारा द्यावासा वाटतो. देवनारची कचराभूमी १९२७ सालापासून आहे, आणि तेथील काळी, भुसभुशीत दिसणारी माती चांगले खत म्हणून कोणी देऊ केल्यास तिचा मोह होणे साहजिक आहे. परंतु मिश्र कचऱ्यापासून झालेल्या मातीत काच, प्लॅस्टिक व जड धातू असण्याचा संभव असतो. ती घराशेजारी, मुलांच्या हाताशी आणू नये. घरातील भाजीचा पाला, वाळलेली पाने व थोडे शेण यांचे झाकण असलेल्या पिंपात स्वतः केलेले खत तीन-चार महिन्यांत तयार होते व ते कितीतरी भरवशाचे असते.

काश्या घेणे

शेवंतीची वाढ बियांपासून न करता काश्यांपासून करतात. फुलोरा संपल्यावर झाडाच्या बुडाशी जमिनीतून जे मुळ्या असलेले फुटवे येतात त्यांस काश्या म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुले संपताच झाड जमिनीपासून चार ते सहा इंचांवर छाटावे, बुडाची माती हलवून थोडे खत द्यावे व बेताचे पाणी चालू ठेवावे. लवकरच काश्या दिसू लागतात. घाटावरील शेतकरी त्या एप्रिल-मे महिन्यांत कायमच्या जागी लावतात. तेथे ही वेळ योग्य आहे, कारण पावसाळ्यापूर्वी झाड रुजते आणि तेथील पाऊस त्यास मारक होत नाही. समुद्रकाठी हाच क्रम पाळला तर अर्धे पीक जुलैमध्ये गमवावे लागते. सबब गोवंडी परिसरात मातृझाडे उन्हाळ्यात तशीच राखावीत, मेअखेर काश्या वेगळ्या करून लहान कुंड्यांत किंवा पिशव्यांत लावाव्यात व पावसाळ्याचे पहिले दोन महिने त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या उतरत्या छपराखाली ठेवाव्यात. छपराच्या चारी बाजू उघड्या असाव्यात. दमट हवा कोंडली तर पाऊस न लागताही पाने सडतात. चाळीतील रहिवाशास याहून सोपी सोय आहे. पत्र्याच्या पागोळीखाली, जेथे उजेड भरपूर येतो पण धार लागत नाही, अशी जागा पुरेशी होते.

काशी निवडताना मधल्या जून खोडाला चिकटलेली न घेता कडेची, तीन-चार इंच उंचीची, चार-पाच पानांची व पांढऱ्या मुळ्यांची घ्यावी. रोगट झाडाची काशी फुकट मिळाली तरी घेऊ नये. नवीन लागवडीसाठी काश्या विकत घ्यावयाच्या असल्यास पांढरी रेवडी, पिवळी रेवडी, राजा, झिप्री, सोनाली तारा या महाराष्ट्रात रुळलेल्या जातींची चौकशी करावी व विक्रेत्यास एकच गोष्ट खोदून विचारावी, ती म्हणजे ही जात फुलते केव्हा. रंगाची चौकशी सर्वच करतात. फुलण्याच्या वेळेची चौकशी करणारा विरळा. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीच्या अनेक नव्या जाती तयार केल्या असून त्यांपैकी काही गॅमा किरणांच्या साहाय्याने झाल्या आहेत. गोवंडीपासून जवळच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या साहाय्याने भुईमूग व कडधान्यांच्या जाती काढल्या, तीच ही पद्धत होय. मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रथम जुन्या, काटक जातींवरच हात बसवावा.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे मोठ्या कुंडीत किंवा गादीवाफ्यावर एक फूट अंतराने लावावीत. या सुमारास पावसाचा जोर कमी होऊ लागलेला असतो. तरीही वाफ्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत छप्पर असल्यास उत्तम.

रात्रीचा अंधार

आता न फुलणाऱ्या झाडाकडे वळू. शेवंतीस कळी केव्हा धरावयाची हे थंडीवरून नव्हे, तर रात्रीच्या लांबीवरून कळते. या विषयाचा उलगडा १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी केला. त्यांच्याकडील तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत राही व फुलत नसे. त्यांनी ती रोपे दररोज काही तास अंधाऱ्या जागेत ठेवून दिवस कृत्रिम रीतीने लहान केला, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३८ साली हॅम्नर व बॉनर यांनी, आपल्याकडे शंकेश्वर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तणावर प्रयोग करून दाखविले की, खरे महत्त्व दिवसाच्या लहानपणाचे नसून रात्रीच्या अखंडपणाचे आहे. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे उजेड पाडला तरी ते झाड फुलत नसे. शेवंती याच वर्गातील आहे. परदेशांत व आपल्याकडील हरितगृहांतही व्यापारी शेतकरी याचा उपयोग करून घेतात. फुले लांबवावयाची असतील तर ते मध्यरात्री दिवे लावतात व आणावयाची असतील तर संध्याकाळी काळे कापड ओढतात.

मुंबईत जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. त्या मानाने आपल्याकडील फरक थोडाच. तरी शेवंतीस तो कळतो. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात दिवस व रात्र सारखे होतात, त्यापुढे रात्र वाढत जाते आणि याच सुमारास शेंड्यात कळीचा पाया घातला जातो. तो डोळ्यांस दिसत नाही. दृश्य कळी येण्यास आणखी काही आठवडे लागतात, आणि म्हणूनच लोक चुकीच्या महिन्यात काळजी करतात. नोव्हेंबरमध्ये कळी नाही म्हणून खत घालणाऱ्याने पाहावयास हवे होते ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्रींकडे.

गोवंडीसारख्या वस्तीत अखंड अंधार ही दुर्मिळ वस्तू आहे. रस्त्याचे दिवे, इमारतींचे झोत, दुकानांच्या पाट्या आणि जिन्यातील रात्रभर जळणारा दिवा यांपैकी काहीतरी कुंडीवर पडतच असते. झाडाच्या दृष्टीने ती रात्रच नव्हे. दिवस संपलेलाच नाही असे समजून ते पाने वाढवीत राहते. एकाच गच्चीवरील दोन कुंड्यांपैकी भिंतीआडची फुलते व दिव्याकडची हिरवीच राहते, किंवा एकाच झाडाची अंधाराकडील फांदी आधी कळ्या धरते, असे दिसल्यास कारण शोधण्यास अन्यत्र जावे लागत नाही. शेतकऱ्यासही हे लागू आहे. महामार्गालगतच्या वाफ्यातील दिव्यांखालच्या ओळी मागे पडतात आणि जमीन हलकी म्हणून त्यांना जादा खत दिले जाते.

जागा पारखण्यासाठी उपकरणाची गरज नाही. रात्री दहा वाजता कुंडीच्या जागी वर्तमानपत्र धरून पाहावे. त्या उजेडात बातमीचा मजकूर वाचता येत असेल, तर ती जागा शेवंतीस अयोग्य समजावी. नुसते ठळक मथळे दिसत असतील तरीही जागा बदललेली बरी. दिवसा मात्र त्याच झाडास किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. या दोन्ही अटी पुऱ्या करणारी जागा घरात एकच नसेल, तर सप्टेंबरच्या मध्यापासून कळ्या स्पष्ट दिसून रंग धरू लागेपर्यंत कुंडी सायंकाळी उचलून अंधाऱ्या बाजूस ठेवावी व सकाळी उन्हात आणावी. कष्टाचे काम आहे, पण सहा-आठ आठवड्यांचेच आहे. उचलता न येणाऱ्या वाफ्यावर दिव्याच्या बाजूने गोणपाटाचा किंवा काळ्या कापडाचा उभा पडदा लावावा. झाडावर कापड गुंडाळू नये. आत उष्मा कोंडून कळी धरण्यास उलट उशीर होतो. चंद्रप्रकाशाची चिंता करण्याचे कारण नाही.

थंडीचा संबंध मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रात्री फार उष्ण असल्यास कळीची वाढ मंदावते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात समुद्रकाठी तसे घडते. म्हणून आमच्या मते या भागातील शेतकऱ्याने दसऱ्याच्या बाजारामागे धावू नये. दसऱ्यास घाटावरची फुले मुबलक येतात व आपल्याकडे परतीचा पाऊस उमलत्या फुलांवर पडून पाकळ्या काळवंडतात. त्याऐवजी मार्गशीर्षातील गुरुवार डोळ्यांपुढे ठेवावेत. हा महिना बहुधा नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत येतो, अधिक मास आलेल्या वर्षी काहीसा पुढे जातो. महालक्ष्मीच्या व्रतामुळे घरोघरी फुलांची मागणी असते, हवा कोरडी होते, आणि मुंबईचे रात्रीचे तापमान जानेवारीपर्यंत सरासरी १७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. समुद्रकाठच्या शेवंतीस वर्षातील हाच काळ सर्वांत मानवतो.

शेंडा खुडणे व पुढील निगा

रोप लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी किंवा ते सहा इंचांचे झाल्यावर शेंड्याचा कोवळा अर्धा-पाऊण इंच भाग नखाने खुडावा. त्यामुळे बगलेतील फांद्या फुटतात व फुलांची संख्या वाढते. मार्गशीर्षाचे लक्ष्य असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर शेंड्यास हात लावू नये, कारण पुढे येणारा शेंडा हाच कळीचा शेंडा असतो. शेवटच्या खुडणीपासून फूल उमलण्यास साधारणतः बारा ते चौदा आठवडे लागतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या जातीचा हिशेब तारखा लिहून ठेवून बसवावा.

खत कळ्या दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पातळ स्वरूपात द्यावे. एक किलो भुईमुगाची किंवा निंबोळीची पेंड दहा लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, त्या पाण्यात दहापट साधे पाणी मिसळून घालावे. कळ्यांना रंग दिसू लागला की थांबवावे. पाणी बुडाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये, आणि शक्य तो सकाळी द्यावे. खालची पाने काळ्या ठिपक्यांनी भरून वाळू लागल्यास ती तोडून जाळावीत. मावा कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर थव्याने बसतो. कुंड्या थोड्या असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो सकाळी धुऊन काढता येतो. अधिक असल्यास पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, म्हणजे एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून ती संध्याकाळी फवारावी. मर रोगाने उभे झाड अचानक सुकले तर ते मातीसह काढून टाकावे व त्या कुंडीतील माती पुन्हा शेवंतीस वापरू नये.

फुले पूर्ण उमलल्यावर सकाळी दव उतरल्यावर तोडावीत व ओली असताना करंडीत भरू नयेत. दर तीन-चार दिवसांनी तोडणी केल्यास मागील कळ्यांस जोर येतो.

तोडणी चालू असतानाच जी झाडे ठरल्या वेळी, भरपूर व निरोगी फुलली, त्यांच्या बुडाशी खुणेची काठी रोवून तीवर तारीख लिहून ठेवावी. फेब्रुवारीत छाटणी झाली म्हणजे सर्व झाडे सारखीच दिसतात, आणि पुढच्या वर्षाच्या काश्या कोणत्या झाडाच्या घ्यावयाच्या हे त्या काठीवाचून सांगता येत नाही.